सत्तरीचा रुग्ण चाचणीत का नाही?

२० जून २०२२ रोजी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पंतप्रधानांच्या हस्ते दोन समारंभ झाले. मेंदू संशोधन केंद्राच्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि ८३२ खाटांच्या बागची-पार्थसारथी रुग्णालयाची पायाभरणी झाली. पहिल्या संस्थेचा मुख्य विषय म्हणजे वाढत्या वयात मेंदूला जडणारे आजार. दुसऱ्या संस्थेसाठी दोन दाम्पत्यांनी मिळून ४२५ कोटी रुपयांची देणगी दिली असून तिच्या नियोजित विभागांत कर्करोगाचा विभागही आहे. पुढे २०२४ मध्ये याच संस्थेने ‘लॉन्जेव्हिटी इंडिया’ हा निरोगी दीर्घायुष्याचा उपक्रम सुरू केला. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत कर्करोगावरचे संशोधन तर त्याच्याही कितीतरी आधीपासून चालू आहे.

म्हणजे वार्धक्य आणि कर्करोग हे दोन्ही विषय एकाच आवारात नांदत आहेत. तरीही देशाच्या विज्ञानव्यवहारात ती अजून दोन वेगळी खाती आहेत. कर्करोगाचे औषध शोधणारा रुग्णाच्या वयाला अडचण समजतो, आणि वार्धक्याचा अभ्यासक बहुधा निरोगी म्हातारपण कसे असते एवढेच पाहतो. या दोघांच्या मध्ये जो माणूस उभा आहे, त्याचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि त्याला कर्करोग झाला आहे. त्याच्यावर कोणते औषध, किती मात्रेत, किती काळ चालेल, या प्रश्नाचे भारतीय पुराव्यावर आधारलेले उत्तर आज फारच थोड्या ठिकाणी मिळते. ही उणीव अपघाताने राहिलेली नाही. संशोधनाची रचनाच तिला जन्म देते.

संस्थेच्या आवाराला लागून मल्लेश्वरम आहे. मराठी वाचकाला या नावाची जुनी ओळख असायला हरकत नाही. तेथील काडु मल्लेश्वर मंदिराच्या इतिहासात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांचे नाव येते आणि १६६९ च्या शिलालेखात त्यांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. आजची वसाहत मात्र एका रोगाने घडवली. १८९८ मध्ये बंगळुरूत प्लेग पसरला, दाट पेठांतून माणसे बाहेर पडली आणि मल्लेश्वरम व बसवनगुडी या वस्त्या वाढल्या. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे ‘क्रॉस’, घरांभोवती हवा खेळेल एवढी जागा. त्या काळच्या प्रशासनाने आपल्यासमोरचा रोग ओळखला आणि शहराचा नकाशा बदलला.

आज त्याच क्रॉसवरच्या जुन्या घरांत निवृत्त माणसे राहतात. अनेकांची मुले परदेशी आहेत. पुण्याच्या सदाशिव पेठेत, मुंबईच्या दादर-पार्ल्यात यापेक्षा वेगळे चित्र नाही. या घरांना आता साथीची भीती कमी आणि दीर्घ आजारांची अधिक आहे. रोगाचे रूप बदलले. संशोधनाचा नकाशा मात्र त्या प्रमाणात बदललेला नाही.

वय आणि कर्करोग यांचे नाते नुसते आकडेवारीतले नाही. पेशी विभागताना जनुकांत चुका होतात, त्यांतील काही दुरुस्त होत नाहीत आणि वर्षानुवर्षे साचतात. बिघडलेल्या पेशी हुडकणारी प्रतिकारशक्ती उतरणीला लागते. नव्या टी-पेशी जिथे घडतात ती थायमस ग्रंथी तर तारुण्यातच आक्रसू लागते. काही पेशी विभाजन थांबवून ‘जीर्णावस्थेत’ जातात. ही अवस्था एका बाजूने संरक्षक असते, कारण थांबलेली पेशी गाठ बनू शकत नाही. पण अशा पेशी मरत नाहीत. त्या दाह वाढवणारी रसायने स्रवत राहतात आणि शेजारच्या पेशींना कर्करोगाकडे ढकलू शकतात. शिवाय अनेक रसायनोपचार स्वतःच निरोगी ऊतींत अशा जीर्ण पेशी वाढवतात. वार्धक्य कर्करोगाला वाट करून देते आणि कर्करोगाचा उपचार वार्धक्याला वेग देतो. इतके गुंतलेले दोन विषय वेगवेगळ्या मजल्यांवर, वेगवेगळ्या अनुदानांतून, एकमेकांची परिषद न गाठता शिकवले जावेत, हे विज्ञानाला शोभणारे नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: भारत तरुण देश आहे आणि इथे कर्करोग पाश्चात्त्यांपेक्षा तरुण वयात होतो, मग वृद्धांची चिंता आताच कशाला? या विधानात आकडेशास्त्राची एक साधी चूक दडली आहे आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ती ओळखलीच पाहिजे. ज्या लोकसंख्येत तरुण जास्त, तिथल्या रुग्णांचे सरासरी वयही कमीच भरणार. त्यावरून साठीनंतरचा धोका कमी आहे असे सिद्ध होत नाही. प्रत्येक वयोगटाचा दर स्वतंत्रपणे काढला, तर बहुतेक कर्करोगांचा दर भारतातही वयाबरोबर चढत जातो. आज वृद्ध रुग्ण संख्येने कमी दिसतात याचे मोठे कारण वृद्धच कमी आहेत, हे आहे.

आणि ते फार काळ कमी राहणार नाहीत. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात साठीपुढील लोक सुमारे १४.९ कोटी होते. २०५० मध्ये ते ३४.७ कोटी, म्हणजे दर पाच भारतीयांमागे एक असतील. कर्करोगाच्या नव्या रुग्णांची संख्या राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजाने २०२२ मध्येच १४.६१ लाख होती. हे दोन आकडे एकाच पानावर मांडले की पुढच्या पंचवीस वर्षांचे गणित स्पष्ट होते. आज पीएच.डी.ला प्रवेश घेणारा विद्यार्थी निवृत्तीच्या उंबरठ्यावर येईल तेव्हा हा देश वृद्ध रुग्णांचा देश असेल.

त्या रुग्णांसाठी पुरावा गोळा होतो तो औषधचाचण्यांतून, आणि गळतीही तिथेच होते. १९९९ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीगटाची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या देशातील कर्करोगाच्या रुग्णांपैकी ६३ टक्के पासष्टीचे किंवा त्यापुढचे होते. चाचण्यांत मात्र त्यांचा वाटा केवळ २५ टक्के होता. प्रत्येक चाचणीत वयाची वरची मर्यादा लिहिलेली असतेच असे नाही. मूत्रपिंडाचे कार्य अमुक इतके हवे, हृदयविकार नको, दुसरा गंभीर आजार नको, रुग्ण पूर्णपणे हिंडता-फिरता हवा, अशा अटींच्या चाळणीतून म्हातारा माणूस आपोआप गळतो. कागदावर कोणालाच मनाई नसते, तरी दार बंदच राहते. औषध मंजूर झाल्यावर ते याच गळलेल्या माणसांना दिले जाते आणि मात्रा पन्नाशीतल्या धडधाकट रुग्णावर ठरलेली असते. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कर्करोगाच्या चाचण्यांत वृद्धांना घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे ती पाहणी प्रसिद्ध झाल्यावर तेवीस वर्षांनी. भारताने तेवढीच वर्षे वाया घालवण्याचे काही कारण नाही.

ही चाळणी खरे तर रुग्णालयाच्या कितीतरी आधी, प्रयोगशाळेतच सुरू होते. कर्करोगाच्या बहुतेक प्रयोगांत वापरले जाणारे उंदीर आठ ते बारा आठवड्यांचे असतात, म्हणजे माणसाच्या हिशेबात नुकतेच वयात आलेले. साठीच्या आसपासच्या माणसाशी तुलना करायची तर उंदीर अठरा ते चोवीस महिन्यांचा हवा. या फरकाने निष्कर्ष बदलू शकतात. आशनी वीररत्ना यांच्या गटाने २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की त्वचेतील वृद्ध पेशींनी स्रवलेल्या एका प्रथिनामुळे मेलॅनोमा अधिक पसरतो आणि उपचारालाही कमी दाद देतो. गाठ तीच, पण भोवतालची त्वचा म्हातारी असली की रोगाचे वागणे वेगळे. तरुण उंदरांवरच थांबलेल्या प्रयोगशाळेला हे कधीच कळले नसते.

मग संशोधक म्हातारे उंदीर का वापरत नाहीत? कारण अज्ञान नव्हे, वेळ आणि पैसा. उंदीर दीड-दोन वर्षे पोसायचा तर पिंजऱ्याचा, खाद्याचा आणि देखभालीचा खर्च वाढतो. काही मध्येच मरतात. आणि पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीतील दोन वर्षे नुसती वाट पाहण्यात जातात. अशा स्थितीत मार्गदर्शकाने तरुण उंदीर निवडणे हा त्या व्यवस्थेतला शहाणपणाच ठरतो. दोष संशोधकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. अमेरिकेची राष्ट्रीय वार्धक्य संस्था वृद्ध उंदरांच्या वसाहती सांभाळते आणि त्यांतून संशोधकांना प्राणी पुरवते. भारताच्या प्रत्येक विद्यापीठाला खुली असलेली अशी राष्ट्रीय सोय हवी. तिची बातमी पहिल्या पानावर येणार नाही, पण तिच्यावाचून ‘वार्धक्यसज्ज संशोधन’ हे शब्द पोकळ राहतील.

विद्यापीठीय कर्करोग-संशोधनाने देशाला अलीकडे अभिमानाचे क्षण दिले आहेत, यात शंका नाही. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवून परत शरीरात सोडणारा हा उपचार परदेशात तीन-चार कोटींना पडतो. इथे तो सुमारे ३० ते ४० लाखांत आला. हे यश मोठे आहे आणि ते भारतीय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून आले आहे.

तरी त्या यशालाही दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला जीवशास्त्राचा: ज्या उपचाराचा कच्चा माल रुग्णाच्याच टी-पेशी आहेत, तो पंच्याहत्तरीच्या माणसाच्या थकलेल्या टी-पेशींवर कितपत उभा राहतो? दुसरा पैशाचा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कवच मिळाले. पाच लाख आणि तीस लाख यांतली दरी उघड आहे. पण तिच्याहून खोल दरी वेगळीच आहे. सरकारने सत्तरीपुढील माणसासाठी तिजोरी उघडली. त्या तिजोरीतून नेमके कोणते उपचार घ्यावेत हे सांगणारा पुरावा विज्ञानाने अजून पुरेसा तयार केलेला नाही. खर्चाची तरतूद आधी झाली आणि ज्ञान मागे राहिले.

हे ज्ञान मिळवायला दर वेळी नवे रेणू लागत नाहीत. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सत्तरीपुढचे, बरा न होणारा कर्करोग असलेले ७१८ रुग्ण होते. सर्वांचे ‘वृद्ध-मूल्यांकन’ झाले: रुग्ण चालतो कसा, पडतो का, जेवतो किती, स्मरणशक्ती कशी, मन खचलेले आहे का, रोज किती औषधे घेतो, घरी कोण आहे. निम्म्या केंद्रांतील डॉक्टरांना त्याचा सारांश आणि शिफारशी दिल्या, उरलेल्यांना नाही. जिथे सारांश दिला, तिथे उपचारांचे गंभीर दुष्परिणाम ५१ टक्के रुग्णांना झाले. जिथे दिला नाही, तिथे ७१ टक्क्यांना. पडण्याचे प्रमाण २१ वरून १२ टक्क्यांवर आले. सहा महिन्यांच्या जगण्यात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. एवढा परिणाम एखाद्या गोळीने साधला असता, तर ती गोळी साऱ्या जगात गाजली असती. इथे लागली ती प्रश्नावली आणि ती वाचणारा डॉक्टर.

भारतात या वाटेवर पाऊल पडलेच नाही असे नाही. टाटा मेमोरियलमध्ये २०१८ पासून वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा आहे आणि तिथले डॉक्टर आपली निरीक्षणे सातत्याने प्रसिद्ध करतात. आपल्या रुग्णांचा प्रश्न आपणच विचारण्याची परंपराही त्याच संस्थेची. २०२३ मध्ये तिथल्या संशोधकांनी डोके-मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. निव्होल्युमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम, इतर औषधांना जोडून दिले. वर्षभरानंतर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ‘किती कमी औषध पुरते?’ हा प्रश्न औषध विकणारी कंपनी सहसा विचारत नाही. गरीब रुग्णाला आणि वृद्ध रुग्णाला त्याच प्रश्नाच्या उत्तराची सर्वांत जास्त गरज असते. तो विचारणे हे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांचे काम आहे.

मल्लेश्वरमच्या शेजारच्या संस्थेची संधी इथे सुरू होते. तिचे मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळिशीपुढील ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास करते. दहा हजार माणसे त्यात घ्यावीत असे उद्दिष्ट आहे. कन्नड बोलणाऱ्या, फारसे न शिकलेल्या माणसाची स्मृती आणि आकलन कसे मोजावे, याचा अनुभव या केंद्राजवळ आहे. तो दुर्मीळ आहे, कारण पाश्चात्त्य मापनपट्ट्या इथे अडखळतात. ‘एक वाक्य लिहून दाखवा’ ही कसोटी निरक्षर आजीला लावता येत नाही. ‘पैशांचे व्यवहार स्वतः करता का?’ या प्रश्नाला जन्मात बँकेत न गेलेली बाई ‘नाही’ म्हणाली, तर तो तिच्या मेंदूचा दोष नव्हे. ‘स्वयंपाक करता का?’ याला कधीच चूल न पेटवलेले आजोबा ‘नाही’ म्हणाले, तर त्यावरून ते परावलंबी झाले असे ठरत नाही.

समजा, श्रीनिवासपूरच्या एखाद्या सत्तरीतल्या शेतकरणीला उद्या स्तनाचा कर्करोग झाला. तिची स्मरणशक्ती, रक्त, चाल यांची अनेक वर्षांची नोंद देशाच्या अग्रगण्य विज्ञानसंस्थेजवळ असेल. आणि तरी कर्करोगाच्या दवाखान्यात ती कोरी पाटी म्हणून रांगेत उभी राहील. ती नोंद तिच्या संमतीने तिच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचावी, आणि उपचारानंतर तिच्या स्मृतीचे काय झाले हे पुन्हा केंद्राला कळावे, यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. दोन विभागांनी एका टेबलाशी बसावे लागते. अशी माणसे एकत्र आली तर मूलभूत विज्ञानालाही लाभ आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासात, २०१२ मध्ये, कर्करोगातून वाचलेल्यांना अल्झायमरचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. हे खरे जैविक नाते आहे की वाचलेल्यांचीच गणना झाल्याने दिसणारा भास, यावर वाद आहे. तो सोडवायला ज्या प्रकारची माहिती लागते, ती गोळा करणारी यंत्रणा बंगळुरूत उभी आहे.

दुसरा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे: अशक्त वृद्धांवर नवी औषधे तपासणे क्रूरपणाचे नाही का? जोखीम आहेच. पण चाचणीत रुग्णावर देखरेख असते, दुष्परिणामांची नोंद असते आणि उपचार थांबवण्याचे नियम आधी ठरलेले असतात. चाचणीबाहेर तेच औषध त्याच वृद्धाला दिले जाते, तेव्हा तोही एक प्रयोगच असतो. फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही. वृद्धांना चाचणीतून वगळल्याने त्यांचे रक्षण होत नाही; त्यांचा धोका नजरेआड होतो एवढेच.

तिसरा आक्षेप मोठ्याने बोलला जात नाही: आयुष्य जगून झालेल्यांवर खर्च कशाला? त्याला करुणेच्या आधी आकड्यांनीच उत्तर देता येते. टाटा मेमोरियलने मुंबईतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे स्तनाच्या कर्करोगाच्या मृत्यूंत एकंदरीत झालेली घट निर्णायक ठरली नाही. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वयानुसार पाहिले नसते, तर हा स्वस्त उपाय निरुपयोगी म्हणून फाइलबंद झाला असता. वय विचारात घेणारे संशोधन पैसा वाचवते, कारण कोणता उपचार कोणाला लागू पडत नाही हेही तेच सांगते.

दीर्घायुष्याच्या नव्या उत्साहालाही इथे एक इशारा द्यायला हवा. जगभर ‘लॉन्जेव्हिटी’ हा शब्द श्रीमंतांच्या हौसेचा होऊ लागला आहे. महागड्या रक्तचाचण्या, जैविक वयाचे आकडे, पूरक गोळ्या असा त्याचा बाजार आहे. भारतीयांच्या निरोगी वार्धक्याचे स्वतःचे मापदंड शोधण्याचा विज्ञान संस्थेचा प्रयत्न आवश्यकच आहे. पाश्चात्त्य रक्तमूल्ये इथे जशीच्या तशी लावता येत नाहीत. पण त्या मापदंडांची खरी कसोटी धडधाकट माणसाच्या मनगटावरील पट्टीत होणार नाही. सत्तरीतल्या रुग्णाचे शरीर रसायनोपचार सोसेल की नाही, हे त्या मापदंडांना कर्करोगाच्या वॉर्डात आधी सांगता आले, तर त्या संशोधनाने देशाचे ऋण फेडले असे म्हणता येईल.

मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक कर्करोग-चाचणीने किती रुग्ण पासष्टीपुढचे घेतले आणि किती कोणत्या अटीमुळे नाकारले, हे जाहीर करावे. कर्करोगाच्या अनुदानात वृद्ध प्राण्यांचा खर्च मान्य व्हावा आणि त्यासाठी शिष्यवृत्तीचा काळ वाढवावा. कन्नड, मराठी आणि इतर भाषांत वृद्ध-मूल्यांकनाच्या तपासून घेतलेल्या प्रश्नावल्या तयार व्हाव्यात. विज्ञान संस्थेच्या नव्या रुग्णालयात सत्तरीपुढील प्रत्येक कर्करुग्णाचे असे मूल्यांकन पहिल्या दिवसापासून व्हावे; मागाहून जोडलेली गोष्ट आपल्याकडे कायम जोडकामच राहते. आणि यशाचे माप केवळ ‘किती महिने जगला’ असे न ठेवता, ‘स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाऊ शकतो का’ हेही मोजावे. कोणत्याही वृद्धाला विचारले तर तो दुसरा प्रश्न आधी सांगेल.

यांपैकी एकाही मागणीला शास्त्रीय चमत्कार लागत नाही. लागतो तो चाचणीचा आराखडा लिहिताना, अनुदानाचा अर्ज तपासताना आणि प्रबंधाचा विषय निवडताना विचारलेला एकच प्रश्न: यात म्हातारा माणूस कुठे आहे? तो विचारण्याची सर्वाधिक मुभा आज प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना आहे. पुढच्या गटबैठकीत कोणी आठ आठवड्यांच्या उंदरांचा आलेख दाखवील, तेव्हा त्यांनी हात वर करावा आणि उंदराचे वय विचारावे.